बैलाच्या सांध्यांतली साक्ष

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं तो खांदा शेकायचा, हळद-तुपाने चोळायचा आणि उद्याच्या जेवणाचं आवतण बैलाच्या कानात सांगायचं. कष्टाचं ओझं शरीरात कुठे बसतं हे या रिवाजाने नेमकं ओळखलेलं आहे. सुजलेला, सोललेला खांदा डोळ्यांना दिसतो, म्हणून उपचारही तिथे होतो आणि कृतज्ञताही तिथेच व्यक्त होते. पण खांद्याचं कातडं आणि मांस मातीत मिसळून जातं. बैलाने आयुष्यभर काय ओढलं याची टिकाऊ नोंद राहते ती त्याच्या पायात, खुराच्या लगेच वरच्या सांध्यांमध्ये. जनावर गेल्यावर तीन-चार हजार वर्षांनीसुद्धा तिथली झीज हाताने चाचपता येते. शेतीच्या इतिहासात नांगराची चित्रं, गाड्यांच्या मूर्ती आणि ताम्रपट यांना आपण पुरावा मानतो. बैलाच्या झिजलेल्या सांध्यांना त्यांच्या बरोबरीची जागा मिळाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. मात्र ही साक्ष आपणहून बोलत नाही. ज्या बैलांचं काम आपल्याला माहीत आहे, त्यांच्या हाडांशी ताडून पाहिल्यावरच ती कळते.

लिखित साधनांनी बैल मोजला, त्याचं अंग मात्र पाहिलं नाही. जुन्या दानपत्रांत जमीन हलांवर मोजलेली सापडते, म्हणजे एका नांगराच्या आवाक्यात येईल एवढी. दख्खनच्या काळ्या जमिनीत नांगराची ओळखच बैलांच्या संख्येवरून होते: चार बैली, सहा बैली, आठ बैली. कृषिपराशर आणि पराशरस्मृती यांत याच मोजणीला नीतीची जोड दिली आहे. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा पोटासाठी राबणाऱ्याचा, चारांचा निर्दयाचा आणि दोनांचा तर गोहत्या करणाऱ्याचा, अशी ती चढती नापसंती आहे. एका जनावराच्या वाट्याला किती ओढ यावी याचा हा विचार आहे आणि माझ्या मते आपल्या परंपरेतल्या सर्वांत समंजस विचारांपैकी तो एक आहे. पण नियम म्हणजे वास्तव नव्हे. दोन बैलांवर शेती करणारेच बहुसंख्य असणार, नाहीतर त्यांना दोष देणारा नियम करण्याची गरजच पडली नसती. वैद्यकाचे ग्रंथ पाहिले तर राजाच्या जनावरांची बडदास्त दिसते. घोड्यासाठी शालिहोत्राची परंपरा आहे. हत्तीसाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे, जो पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापून काढला. गाईबैलांच्या वाट्याला अग्निपुराणातल्या गवायुर्वेदासारखं एखादं प्रकरण येतं. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तोफा आणि रसद ओढणाऱ्या बैलांबद्दल कितीतरी लिहिलं, कारण म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांवाचून त्याचं सैन्य हललं नसतं. तिथेही प्रश्न बैल किती मिळतील आणि किती कोस चालतील एवढाच होता. किती वर्षांनी त्या बैलांचे पाय निकामी झाले, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

ते कुठे लिहिलं जातं हे समजण्यासाठी सांधा म्हणजे काय ते पाहावं लागतं. बैलाच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली एक जाड नळी असते. मुळात ती दोन हाडांची बनलेली, गर्भातच एकजीव झालेली. खालच्या टोकाला मात्र तिचं दुहेरीपण उघड होतं, कारण तिथे दोन गोळे असतात आणि प्रत्येक गोळ्यावर एकेक बोट बसतं. प्रत्येक बोटात तीन हाडं एकाखाली एक, आणि शेवटच्या हाडाभोवती खूर. म्हणजे बैल अक्षरशः दोन बोटांच्या टोकांवर उभा असतो. अंगाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो, तोही जनावर नुसतं उभं असताना. हाडं जिथे एकमेकांना भिडतात तिथे कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या चिकट द्रवातून होतं. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की सैल होते, आणि या दाबण्या-सुटण्यातून तो द्रव आत-बाहेर करतो. चालणं म्हणूनच सांध्याला पथ्यकर आहे. अती ओढ, तीही रोजची आणि वर्षानुवर्षांची, मात्र त्याला घातक आहे. रक्त नाही म्हणून फाटलेली कूर्चा नीट भरून येत नाही, आणि मज्जातंतू नाहीत म्हणून सुरुवातीची झीज जनावराला कळतही नाही. दुखायला लागतं तेव्हा नुकसान बरंच पुढे गेलेलं असतं.

पुढचं काम हाड करतं, आणि इतिहासकाराला ते तिथेच गाठता येतं. कूर्चा झिजली की खालचं हाड दाट आणि कठीण होतं. सांध्याच्या कडेला हाडाचे नवे कंगोरे फुटतात, कड बाहेर वळून तिला ओठ आल्यासारखा दिसतो. कूर्चा पार संपली की हाडावर हाड घासतं आणि तो भाग हस्तिदंतासारखा चकचकीत होतो. कधी त्यावर हालचालीच्या दिशेने चरे पडतात. खुब्याच्या खळगीत आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर ही चकाकी हमखास शोधली जाते. मागच्या पायाच्या ढोपरात तर लहान लहान हाडं एकमेकांना जोडली जाऊन सांधा कायमचा आखडतो. जंतूंमुळे सडलेल्या सांध्याची गोष्ट वेगळी. तिथे हाड खरबरीत होतं, खड्डे पडतात, पू वाहून जाण्याच्या वाटा दिसतात. सवयीच्या नजरेला दोन्हींतला फरक कळतो. सुजलेल्या सांध्यावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. त्या डागाने कातडी जळते, कूर्चेपर्यंत त्याचा काही उपयोग पोचत नाही, आणि जनावराला यातना मात्र होतात. पण दुखणं कुठे आहे याचं त्या माणसांचं निरीक्षण खोटं नव्हतं. डाग जिथे पडत आले, त्याच सांध्यांत आज हाडांचे अभ्यासक झीज शोधतात.

या झिजेवरून कामाचा माग काढण्याला १९९७ मध्ये पद्धतशीर रूप आलं. लास्लो बार्तोसिएविच, विम व्हान नीर आणि अन लेन्टाकर यांनी ओढकामाच्या गोवंशावर एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी रोमानियातल्या काम करून थकलेल्या बैलांच्या पायांची हाडं घेतली आणि ज्यांच्या मानेवर कधी जू बसलं नाही अशा, मांसासाठी वाढवलेल्या बेल्जियमच्या तरुण वळूंच्या हाडांशी ती ताडली. नळीचं खालचं टोक किती रुंदावलं, आतल्या बाजूचा गोळा किती पसरला, बोटांच्या हाडांना कडेने किती कंगोरे आले, सांध्यावर चकाकी आहे की नाही, अशा एकेका खुणेला त्यांनी गुण दिले आणि त्यांतून प्रत्येक हाडासाठी एक निर्देशांक काढला. कुठल्याही एका कंगोऱ्यावरून निष्कर्ष न काढता अनेक खुणांची एकत्र बेरीज पाहायची, हे या पद्धतीचं बळ. दुसरं बळ हाडांच्या निवडीत आहे. बोटांच्या हाडांवर मांस जवळजवळ नसतं, ती लहान आणि घट्ट असतात. त्यामुळे मांसासाठी फोडलेल्या लांब हाडांचा चुरा होतो तेव्हाही ही अख्खी उकिरड्यात पडतात आणि टिकतात. उत्खननात माती चाळणीतून नीट गाळली गेली तर ती हाती येतात. जिथे गाळली जात नाही तिथे बैलाच्या इतिहासाचं हे पान मातीच्या ढिगाबरोबर फेकून दिलं जातं.

या पद्धतीने जुन्या समजुतींना धक्के दिले. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू शेरॅट यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की माणसाने जनावरं आधी मांसासाठी पाळली, आणि दूध, लोकर व ओढकाम यांचा उपयोग फार नंतर, नांगर आणि चाक यांच्याबरोबर, एका मोठ्या बदलात सुरू झाला. ही मांडणी आजही उपयोगी आहे. पण ओढकामाच्या बाबतीत तिचा आधार मुख्यतः चित्रं, मूर्ती आणि चाकांचे अवशेष हाच होता, आणि चित्रं निघण्याआधी काम होत नसेल असं समजण्याला काही कारण नव्हतं. पश्चिम बाल्कनमधल्या नवाश्मयुगीन वसाहतींतल्या गोवंशाच्या पायांवरून २०१८ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की जनावरांकडून ओढून घेणं तिथे शेतीच्या आरंभापासूनच, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकात, होत असावं. ते जड नांगराला जुंपणं नसेल. लाकडाचे ओंडके, पिकाच्या पेंढ्या, मांडवाची मेढ, असं काहीही असू शकेल. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या किलशेन इथेही सांध्यांवरूनच इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकातलं ओढकाम २०२३ मध्ये पुढे आलं. मला सर्वांत विचार करायला लावणारं उदाहरण क्रीट बेटावरच्या नोसॉसचं वाटतं. वालासिया इसाकिदू यांनी तिथल्या नवाश्मयुगीन हाडांत या खुणा पाहिल्या तेव्हा त्या गाईंच्या पायांवर सापडल्या. छोट्या कुटुंबाला फक्त ओढण्यासाठी बैल पोसणं परवडत नसेल, तर दूध देणारी, वासरू देणारी गायच औताला लागली असणार. चित्रात गाय क्वचितच जुंपलेली दिसते. सांध्याने मात्र ती जुंपली गेल्याचं सांगितलं.

या पुराव्यावर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही गंभीर आहेत. पहिला, आणि सर्वांत मोठा, वयाचा. सांधे वयानेही झिजतात. मांसाची जनावरं कोवळी कापली जातात, कामाची जनावरं म्हातारी होईपर्यंत ठेवली जातात. तेव्हा आपण कामाच्या खुणा म्हणून जे मोजतो ते निव्वळ म्हातारपण असू शकेल. दुसरा आक्षेप वजनाचा, कारण भारदस्त वळूच्या पायावर जू नसतानाही ताण असतोच. तिसरा जमिनीचा, खडकाळ डोंगर तुडवणाऱ्या जनावराचे सांधे आणि गवताळ कुरणातल्या जनावराचे सांधे सारखे कसे असतील. हे आक्षेप हवेतले नाहीत. नील्स योहान्सेन यांनी डेन्मार्कमध्ये सापडलेल्या रानटी गोवंशाचे सांगाडे तपासले, तेव्हा ज्यांना माणसाने कधी हातही लावला नाही अशा जनावरांतही सौम्य खुणा आढळल्या. पुढे इंग्लंडमधल्या चिलिंगहॅम पार्कच्या कळपाचा आधार घेतला गेला. हा पांढरा गोवंश शतकानुशतकं बंदिस्त रानात मोकळा राहतो, त्याला कोणी जुंपत नाही, त्याची पैदासही माणूस ठरवत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कळपातल्या हाडांवरही वयाबरोबर वाढणारे बदल दिसले.

यावरून ही पद्धत निकालात निघाली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चिलिंगहॅमच्या हाडांनी पद्धत मोडली नाही, घासूनपुसून घेतली. कुठल्या खुणा वयामुळे येतात आणि कुठल्या ओढीमुळे, हे वेगळं काढायला त्याच कळपाचा उपयोग झाला. वयाशी जोडलेल्या खुणा निर्देशांकातून बाजूला ठेवल्या की उरलेल्यांचं वजन वाढतं. न्यायालयात एखादा साक्षीदार काही बाबतींत चुकतो हे कळल्यावर आपण त्याची सगळी साक्ष फेकून देत नाही, कुठल्या बाबतीत तो विश्वासाचा आहे ते ठरवतो. शिवाय वयाच्या आक्षेपाचं अर्धं उत्तर त्याच्या पोटातच आहे. मांसासाठी पाळलेला नर म्हातारा होईपर्यंत कोणी पोसत नाही. एखाद्या वसाहतीत म्हाताऱ्या खच्ची केलेल्या नरांची हाडं भरपूर मिळत असतील, तर ते जगले कशासाठी याचं उत्तर बहुधा कामच असतं. खच्ची केल्याने हाडांची टोकं उशिरा जुळतात आणि नळी लांब, सडपातळ होते, त्यामुळे बैल आणि वळू यांची हाडं पुष्कळदा वेगळी ओळखता येतात. म्हणजे वय, लिंग, आकार आणि झीज या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर संशयाला जागा थोडी उरते. एकट्या झिजेवर मात्र कोणी इमारत बांधू नये.

ओढीखेरीज पाठीवरच्या ओझ्याचाही प्रश्न आहे, आणि तो आपल्या भूमीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे बैलाने जितकं ओढलं तितकंच वाहिलंही आहे. लमाणांचे तांडे शेकडो, हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून घाट चढत-उतरत. मोगल आणि मराठे यांच्या फौजा त्यांच्या भरवशावर चालत. गाडीला जाता येईल असा बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी कोकण आणि देश यांच्यातला बराच माल जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवरूनच हलत होता. पाठीवरचं ओझं सरळ खाली दाबतं, कण्यावर आणि चारही पायांवर. जू पुढे ढकललं जातं, तेव्हा मागचे पाय जमिनीला रेटा देतात आणि पुढच्या पायांवरचा ताण वेगळ्या कोनातून येतो. उतारावर गाडी मागून लोटत असताना आणखी वेगळा. तेल्याच्या घाण्याचा बैल वर्षानुवर्षं एकाच अंगाला वळत राहतो. विहिरीवरच्या मोटेचे बैल धावेवरून उतरताना भरलेली मोट ओढत आणि पुष्कळ ठिकाणी उलट्या पावलांनी परत वर येत. उलट चालण्याने सांध्यांवर काय होतं, एका बाजूला वळत राहिल्याने डाव्या-उजव्या पायांत फरक पडतो का, हे प्रश्न युरोपातल्या अभ्यासकांपुढे फारसे आले नसावेत, कारण त्यांच्याकडे मोट नव्हती. ते विचारणं हे आपलं काम आहे, आणि त्यांची उत्तरं इथल्याच हाडांतून मिळतील.

आता दख्खनकडे वळू. भारतीय उपखंडात वशिंडाचा गोवंश माणसाने फार लवकर माणसाळवला. बलुचिस्तानातल्या मेहेरगढचा पुरावा इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकापर्यंत जातो. राजस्थानात कालीबंगनला सुमारे इसवी सनापूर्वी २८०० चं नांगरलेलं शेत सापडलं. एका दिशेच्या तासांत साधारण ३० सेंटिमीटरचं अंतर, दुसऱ्या दिशेच्या तासांत सुमारे १.९ मीटरचं. आडवी-उभी नांगरट त्या भागात अलीकडच्या काळापर्यंत तशीच होत असे. हडप्पा इथल्या गोवंशाच्या आणि म्हशींच्या हाडांवरून लॉरा मिलर यांनी २००३ मध्ये ओढकामाचा माग काढला, म्हणजे आपल्या उपखंडातही सांध्यांची साक्ष मागितली गेली आहे. महाराष्ट्रात १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला दोन बैलांनी ओढलेल्या रथाची सुंदर ब्राँझ मूर्ती मिळाली. तिच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तसं ते होणारच, कारण मूर्ती एका जागेहून दुसऱ्या जागी जाते, पिढ्यानपिढ्या जपली जाते. घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. पाणी आणण्यासाठी कालवा आणि बांध होता, सातू, गहू आणि डाळी पिकत होत्या. जवळच्या वाळकीला हाडापासून घडवलेलं नांगरासारखं अवजार मिळालं.

या सगळ्यातून नांगर होता एवढं कळतं. तो कोण, किती जोराने, किती वर्षं ओढत होतं ते कळत नाही. इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात पाऊसमान बिघडलं आणि शेती खालावली, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं आहे. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. अशा काळात बैलावरचा ताण कमी होतो की वाढतो? जमीन कमी कसली गेली तर ओढ कमी होईल. पण वाळलेली, टणक झालेली माती नांगरायची आणि जनावरं थोडी उरलेली, तर राहिलेल्यांवर ओढ दुपटीने येईल. दुष्काळात शेतकरी कुठल्या वाटेने गेला, हे धान्याच्या दाण्यांवरून कळणार नाही. एका टप्प्यातल्या आणि दुसऱ्या टप्प्यातल्या बैलांच्या बोटांची हाडं ओळीने मांडली, तर कदाचित कळेल. पुराव्याची ही शक्ती मला मोठी वाटते. तो राजवटींबद्दल बोलत नाही, हंगामांबद्दल बोलतो.

कोणी विचारेल की बैल राबला हे सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी हाडं कशाला उकरायची. माहीत असणं वेगळं आणि किती हे कळणं वेगळं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात आले. हरळी-कुंद्याचं तण मुळासकट उपटणारी खोल नांगरट शक्य झाली आणि उत्पन्न वाढलं. पण तास जितकं खोल तितकी ओढ जास्त, आणि ती ओढ बैलाच्याच पायांतून जमिनीत गेली. शेतीच्या प्रगतीच्या आपल्या इतिहासात हा खर्च कुठेही मांडलेला नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी ओढकामाच्या जनावरांसाठी मर्यादा घातल्या: दिवसात नऊ तासांहून जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपणं नको. या मर्यादा चांगल्या आहेत. तरी ऊस भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर ओढणाऱ्या, खुरांना पत्र्या ठोकलेल्या बैलाच्या सांध्यांवर एका गळीत हंगामात काय परिणाम होतो, हे मोजल्याशिवाय त्या पुरेशा आहेत की नाहीत ते सांगता येणार नाही. भूतकाळ वाचण्यासाठी जी मोजपट्टी लागते, तीच आजच्या जनावराच्या न्यायासाठीही लागते.

आणि ही मोजपट्टी आपल्याकडे पुरेशी नाही, हा माझ्या मांडणीवरचा शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप. रोमानियाचे बैल वशिंड नसलेल्या, जड हाडांच्या वंशाचे. खिलार उंच, काटक आणि चपळ. डांगी सह्याद्रीच्या पावसात आणि चिखलात तयार झालेला. देवणी आणि लाल कंधारी मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतले. वशिंडाच्या गोवंशाची ओळख पाठीच्या मणक्यांच्या दुभंगलेल्या काट्यांवरून पटते. त्याच्या पायांची घडण, वजनाची विभागणी, चालण्याची ढब हे सगळं वेगळं आहे. युरोपात बसवलेले गुण इथे जसेच्या तसे लावले तर निष्कर्ष चुकतील. त्यावरचा उपाय दुसऱ्यांच्या पद्धतीवर शंका घेऊन गप्प बसणं हा नव्हे. आपले बैल मोजायला घेणं हाच उपाय आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुराप्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आहे, पी. के. थॉमस, पी. पी. जोगळेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथे दशकानुदशकं हाडं ओळखण्याचं काम केलं आहे. १८८६ मध्ये परळला सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या जोडीला आज राज्यात अनेक पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, जिथे लंगडणाऱ्या जनावरांवर रोज उपचार होतात. एकीकडे जुनी हाडं आहेत, दुसरीकडे जिवंत सांधे आहेत. दोघांच्या मध्ये हवी आहेत ती ओळखीची हाडं: या बैलाने बारा वर्षं नांगर ओढला, याने आठ हंगाम उसाची गाडी, याला कधी जुंपलंच नाही, अशी प्रत्येकाची चिठ्ठी जोडलेली.

अशी हाडं जमवायला लागणारा वेळ आपल्या हातून निसटतो आहे. विसाव्या पशुगणनेनुसार २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातल्या नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. मोट बहुतेक ठिकाणी इंजिन आणि वीजपंप आल्यावरच थांबली, घाणे मागे पडले, आता औतही ट्रॅक्टरला लागलं आहे. काम कमी झालं याचं दुःख नको, बैलाच्या पायांना ती सुटकाच आहे. पण ज्या माणसाला आपल्या बैलाचं वय, त्याची जोडी, त्याने कसलेल्या रानाचा उतार आणि त्याचा कुठला पाय आधी लंगडला हे सगळं तोंडपाठ आहे, तो शेतकरी आज सत्तरीत आहे. म्हणून पशुवैद्यकांना, कृषी विद्यापीठांना आणि गोठ्यात म्हातारा बैल सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ही विनंती: बैल नैसर्गिकरीत्या गेला आणि घरच्यांची संमती असेल, तर त्याच्या चारही पायांची गुडघ्या-ढोपराखालची हाडं अभ्यासासाठी द्यावीत, आणि त्यांच्यासोबत मालकाच्या तोंडून लिहून घेतलेला त्याच्या कामाचा एक पानभर वृत्तान्त ठेवावा.